दादांच्या तसबिरीतला करंट

ती. धोंडिबामामांना,

गुलमंडीहून तुमच्या भाच्याचा, बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार. इकडं आम्ही सगळे सुखरूप आहोत (हा शब्द विचार करून लिहिलाय). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? फोन सोडून भाच्यानं पत्र लिहिलं म्हणून दचकू नका. शेजारचा राजेंद्र तुमच्या लासूर स्टेशनच्या बाजाराला निघालाच होता, त्याच्या हाती देतोय.

तर मामा, घरातल्या जुन्या वायरिंगचा मी एकदाचा बंदोबस्त केला. दादांची, म्हणजे तुमच्या दाजींची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. लाकडी पट्टीवरच्या वायरीचं आवरण झडून तांबं उघडं पडलं, की त्यावर एक तसबीर टांगायची. (आमच्या घरात एवढे देव पाहून पाहुणे हात जोडायचे. त्यांना वाटायचं, काय ही भक्ती!) गेल्या साली दादा गेले आणि त्यांचीच तसबीर स्वयंपाकघराशेजारच्या उघड्या जोडावर लागली. चौकट पितळेची, खास आईच्या हट्टानं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आईनं ओल्या फडक्यानं चौकट पुसली आणि तिला सणसणीत झटका बसला. दुसरी कुणी असती तर गल्ली गोळा केली असती. आई लाजली. म्हणाली, "अजून तसंच हाय त्यांचं. हात लावला की झटकून टाकतेत." दादांनी जन्मभर चारचौघांत तिला हात लावू दिला नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हापासून ती रोज आंघोळ करून ओल्या हातानं गंध लावायची, झटका खायची आणि दिवसभर खुशीत असायची. शेवटी तुमच्या भाचेसुनेला, मोनिकाला शंका आली. तिनं चौकटीला टेस्टर लावला, तर आतला दिवा लख्ख पेटला.

मी डगमगलो नाही. आधी मेन स्विच पाडला. उघड्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून मोकळं व्हावं, हा मोह आवरला (आपल्या घराण्यात हे प्रथमच घडलं) आणि सरळ लायसन्सवाल्या वायरमनला, सोमनाथला बोलावलं. अख्ख्या घरात पाइपातून नवी वायर, नीट अर्थिंग आणि करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असं ठरलं. काम फत्ते झालं समजा. आता घर इतकं सुरक्षित आहे की कुठंही खुशाल हात लावा.

तुमचा,
बद्रीनाथ

ता. क. घर सुरक्षित आहे, कारण मेन स्विच अजून बंदच आहे. कूलर बंद, पाण्याची मोटार बंद, फोनची बॅटरी संपलेली, म्हणून हे पत्र. सोमनाथ शिडी घेऊन आला की आई तसबिरीखाली पाट टाकून बसते. काढू देत नाही.

आणखी एक ता. क. ते दादा नव्हेत, करंट आहे, जीव जाईल, असं मी आईला बजावलं. ती म्हणाली, "मला काय कळत नाय व्हय? लाइटच हाय ती. पण ते गेल्यापासून माझ्या हाताला दुसरा हात कुणाचा लागला रे?" मामा, मला लई भीती वाटते. ती तुमचंच ऐकते, तुम्ही या. आल्या आल्या रागावू मात्र नका. थोडा वेळ तिचा हात धरून बसा. काल मी धरून पाहिला, तर तिनं झटकून टाकला.