रघूची वाडी

४ फेब्रुवारी २००७

पुन्हा घोणस! या वेळी थेट स्वयंपाकघरात, आईच्या पायाशी. बस्स झालं. घरामागची रान माजलेली वाडी साफ करायची.

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "नको गो बाय. रघू तिथं हाय."

माझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य अजून हेच आहे – भाऊ रघू लपंडाव खेळताना वाडीत शिरला आणि बाहेर आलाच नाही. तो आठ वर्षांचा, मी पाच. विहीर उपसली, खाडीत जाळी टाकली. काही नाही. तेव्हापासून आईने वाडीला कोयता लागू दिला नाही. त्याला लपायला जागा राहावी म्हणून!

दिवेलागणीला तिची हाक झालीच. "रघू, ये रं बाला, झाला खेळ!"

मला या हाकेची सवय आहे असं मी लोकांना सांगते.

५ फेब्रुवारी

कादंबरी – शून्य.

७ फेब्रुवारी

सापाची भीती घातली, तेव्हा आई कबूल झाली. पण मजूर नको म्हणाली. "परक्या मानसाला बगून घाबरंल तो." म्हणून कोयता माझ्याच हातात. घाणेरीची झुडपं तोडली. खाजकुइलीने हात सुजलेत, पेन धरवत नाही.

एक मात्र खरं – आत कोणीतरी आहे असं वाटत राहतं. मी थांबले की पाचोळाही थांबतो.

१० फेब्रुवारी

बाबा दिवाळीत गेले. घर तेव्हापासून जास्तच मोठं वाटतं. मी ठाण्याच्या शाळेतून बिनपगारी रजा घेऊन आले ती आईसाठी, असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण – कादंबरी रघूच्या मरणाशी येऊन अडकली आहे. आज धीर करून लिहिलं. त्याला खाडीत बुडवलं. भरतीचं पाणी, चिखल, वर आलेला हात.

पान पुरं झालं आणि बाहेर आईची हाक. वही मिटून टाकली.

११ फेब्रुवारी

आज कोयत्याला सुटी. मानकोलीच्या हायवेवरून दिवसभर कंटेनरची घरघर. आजूबाजूला सगळी गोदामं झाली. रान उरलं ते एवढं आमचंच.

१३ फेब्रुवारी

हे आजच लिहून ठेवायला हवं.

आज जांबाच्या झाडापर्यंत पोचले. त्याच्या मागे, रानाच्या पोटात – झाडलेली जमीन! पाचोळ्याचं पान नाही. एक गोणपाट अंथरलेलं. वर फांद्यांचं छत, आत अंधार आणि गारवा. एका माणसाला बसता येईल, फार तर दोघांना.

आईला गुडघ्यांमुळे ओटाही उतरवत नाही. मग हे कोण झाडतं?

कोयता तिथेच टाकून पळाले. चाळिशीला आलेली बाई मी! पळाले. आईला काही बोलले नाही. ती नुसती हसली असती – सांगत होते ना, म्हणाली असती.

१५ फेब्रुवारी

दुपारी जांबाआड बसून राहिले. मागच्या पडक्या कुंपणातून माणूस आत आला. सवयीने, वाकून. गोणपाटावर बसला, बिडी काढली.

रामनाथ! शेजारचा रामनाथ, पॉवरलूमवर ड्युटी करणारा. लपंडावात त्या दिवशी त्याच्यावरच राज्य होतं. माझ्या कादंबरीतला गुन्हेगारही तोच.

मला बघून उठला नाही. म्हणाला, "बस सुकन्या. इथं मी आन् तुझे बाबा बसायचो. काकीला दिसू नये म्हणून."

मग सांगितलं. आकडे म्हणताना त्याने डोळे किलकिले करून बघितलं होतं. रघू वाडीत शिरला, पण मागच्या बाजूने बाहेर पडला. रस्त्यावर गवत वाहणारा ट्रक रिकामा उभा होता. रघू ताडपत्रीखाली शिरला. रामनाथला हसू आलं – आता पकडतो! तेवढ्यात गाडी सुरू झाली. आग्रा रोडला लागली, नाशिकच्या दिशेने.

"तू सांगितलं नाहीस?"

"त्याच सांजेला तुझ्या बाबांना सांगितलं. ते बोलले, काकीला बोलू नको, मी आधी आणतो त्याला. मग सांगू."

बाबा आपल्या मालकाच्या कामाला जातो असं सांगून नाशिकला जायचे, धुळ्याला, एकदा पार इंदूरला. रघू मिळाला नाही. आणि न मिळाल्यावर मग सांगायचं कसं? दर वेळी परत येऊन ते इथे रामनाथपाशी बसायचे. पलीकडे आई हाक मारायची – रिकाम्या वाडीला. आणि बाबा ते ऐकत इथे, हाकेच्या अंतरावर!

मी माझ्या बाबांना ओळखतच नव्हते.

१६ फेब्रुवारी

सांगू? का सांगू? तिच्याजवळ तेवढा एकच आधार आहे.

पण मीही गप्प राहिले तर उद्या मीच त्या गोणपाटावर बसेन.

१७ फेब्रुवारी

सांगितलं. रामनाथला बोलावून, त्याच्यासमोर. तो ओट्याखाली उभा राहून रडत होता.

आईने त्याला फक्त विचारलं, "गाडीत चढला तवा हसत व्हता?"

"हो काकी."

ती आत जाऊन पडली. दिवेलागण झाली. हाक नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या वेळेला एवढी शांतता ऐकली.

१८ फेब्रुवारी

सकाळी वाडीतून खसखस आवाज. बघते तर आई! गुडघे टेकून, विळ्याने करवंदीची जाळी कापतेय. हात रक्ताळलेले.

"आई, उठ. मी करते."

"तो हितं लपलाच न्हाय," ती म्हणाली, "तर मंग मी हे कोनासाठी ठेवलं गो?"

दोघींनी मिळून दुपारपर्यंत जांबाखालचं सगळं काढलं. कादंबरीतलं खाडीचं पान मी त्याच पालापाचोळ्यात जाळलं.

२० फेब्रुवारी

आईची वेणी घालत होते. मध्येच मान वळवून तिने विचारलं, "टक्कल पडलं असंल का गो त्याला, बापासारकं?"