अठ्ठ्याहत्तर टक्के पुरुष

२ ऑगस्ट २००४, सोमवार
आजपासून तीन संकल्प. एक, रोज पहाटे रंकाळ्याला पूर्ण फेरी. दोन, गोड बंद. तीन, दसऱ्याच्या आत केंद्राचं संपूर्ण संगणकीकरण.
पहिला उद्यापासून, कारण आज पाऊस होता. दुसराही उद्यापासून, कारण कॉम्प्युटर आल्याचे पेढे ऑफिसातच वाटले आणि मीच वाटले.
पुण्याहून सॉफ्टवेअरची सीडी आली. आमच्या गुडघे व सांधे उपचार केंद्रात आजवर पेशंट येत होते. आता क्लायंट येतील. चेअरमन बाळासोंना हे सांगितलं तर ते म्हणाले, क्लायंट वकिलाकडं असत्यात न्हवं? समजूत घालायला अर्धा तास गेला.

३ ऑगस्ट
फेरी नाही. बूट सापडले, पण एकाच पायाचा सॉक्स.
मीटिंग झाली. केंद्राची मागची खोली रिकामी आहे, तिचं काय करायचं ते दसऱ्यापर्यंत ठरणार. आक्कांनी पुन्हा कमोडचा विषय काढला. आक्का आमच्याकडे शेक देतात, व्यायाम करून घेतात, रजिस्टर लिहितात आणि सगळ्यांना बोलतात. म्हणाल्या, केंद्रात एकच संडास, त्योबी उकिडवं बसायचा, गुडघ्याच्या माणसानं बसायचं कसं आणि बसलं तर उठायचं कसं? तीन वर्षं हेच चाललंय. मी शांतपणे सांगितलं की यापुढे इथे निर्णय आवाजावर होणार नाहीत, डेटावर होतील. चेअरमनसाहेबांनी मान हलवली. अकरा वर्षं व्यवस्थापक आहे, पण आज पहिल्यांदा तसं वाटलं.

९ ऑगस्ट, दुपारी ४
मॅन्युअल वाचतोय. सर्वात भारी भाग शेवटी आहे: इंटरॅक्टिव्ह डेमोग्राफिक रिपोर्ट. वय, लिंग, गाव, व्यवसाय, सगळ्याचे रंगीत गोल. गोलाच्या फाकेवर क्लिक केलं की आतली माणसं दिसतात. रिपोर्ट आपल्याशी बोलतो असं लिहिलंय. ऑफिसात मला असं कुणी तरी हवंच होतं.
तीन वर्षांची रजिस्टरं टायपिंगसाठी पुण्याला पाठवणार. तिथलं काम शुद्ध असतं. मॅन्युअल म्हणतं, क्लायंटची गोपनीयता पाळा. म्हणून झेरॉक्स काढताना नावांच्या रकान्यावर जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी ठेवली. १२१२ नोंदी, एकही नाव बाहेर गेलं नाही. माझ्यासारखा माणूस बँकेत असता तर कुठल्या कुठे गेला असता.

१० ऑगस्ट
अडचण. सॉफ्टवेअरला लिंग भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि रजिस्टरात तो रकानाच नाही. आक्कांना विचारलं, का नाही? म्हणाल्या, लिवायला कशाला पायजे, दिसतंय की. मी म्हटलं, कॉम्प्युटरला दिसत नाही. म्हणाल्या, मग मला इचारा, मी सांगतो की बसल्या जागी.
नम्रपणे नकार दिला. तोंडी कारभार बंद.
रात्री उपाय सुचला. आक्का तक्रारीच्या रकान्यात माणूस बोलेल ते जसंच्या तसं लिहितात. मराठी भाषेत क्रियापदावरून लिंग कळतं, हे आपल्याला पाचवीत शिकवलंय. पुण्याला नियम लिहून पाठवला: वाक्य ‘तो’ने संपत असेल तर पुरुष, ‘ते’ किंवा ‘ती’ने संपत असेल तर स्त्री. दोन्हींत बसत नसेल तर नोंद नाही. इतकी साधी गोष्ट सॉफ्टवेअरवाल्यांना सुचू नये?
सौ.ला दाखवला. ती म्हणाली, मी दळण आणायला जातो, तुम्ही तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. माझ्या कामाची या घरात कदर नाही. कुकर करपला.

२३ ऑगस्ट, सकाळी ११.१०
सीडी आली. रिपोर्ट उघडला. 
पुरुष ७८ टक्के!
आक्का तीन वर्षं बायका बायका करतात आणि इथे गोलाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निळा. याला म्हणतात डेटा.

२४ ऑगस्ट
दिवसभर क्लिक करत होतो. वैद्यकीय शोध लागला असावा. गुडघ्याचे सगळे रुग्ण पुरुष आणि कंबरेच्या सगळ्या स्त्रिया. एकही अपवाद नाही. तक्रारी उघडून पाहिल्या. ‘गुडघा दुखतो’, पुरुष. ‘कंबर दुखते’, स्त्री. ‘ढोपर दुखतंय’, नोंद नाही. निसर्गाने इतकी काटेकोर वाटणी केलीय आणि एकाही डॉक्टरच्या लक्षात आलेली नाही. लेख लिहिणार.
रंकाळा राहिला. संशोधकाला वेळ कुठला.

२६ ऑगस्ट
निळ्या फाकेच्या आत व्यवसाय पाहिले. धुणीभांडी १९४. शेतातली भांगलण १७१. भाकऱ्या करून देणे ८८. बाळंतिणीला न्हाऊ घालणे ९.
क्षणभर थबकलो, कबूल करतो. मग डोक्यात प्रकाश पडला. कोल्हापूरचा पुरुष बदललाय! मिशीला पीळ देत तो गुपचूप भाकऱ्या थापतोय आणि लाजेनं कुणाला सांगत नाही. गुडघे दुखणार नाहीत तर काय? लेखाचं दुसरं प्रकरण तयार.
सौ.ला सांगितलं. तिनं विचारलं, ते कोल्हापूर आपल्या घरात कवा यायचं? विषयाला सोडून बोलते. ताट मी उचलून ठेवलं. मोरीपर्यंत.

१ सप्टेंबर
मीटिंग. रंगीत प्रिंट सगळ्यांना वाटले. चेअरमनसाहेब म्हणाले, आकाराम, मला तर हितं एक गडी कवा दिसला न्हाय. मी म्हटलं, साहेब, तुम्ही महिन्यातून एकदा येता, रिपोर्ट तीन वर्षांचा आहे. ते गप्प झाले. रंगीत कागदापुढे माणूस लवकर गप्प होतो.
आक्का तावातावानं म्हणाल्या, पुरुषाचा गुडघा दुखला तर त्यो तालमीत वस्तादाकडं जातोय, हितं बायकांत येऊन झोपंल व्हय? मी वहीत नोंद केली: अनुभवावर आधारित मत, आकडेवारी नाही.
ठराव पास. मागच्या खोलीत पुरुष विभाग. बजेट एक कमोड किंवा तीन मुताऱ्या एवढंच आहे. बहुसंख्य कोण, याचं उत्तर भिंतीवर चिकटवलंय. मुताऱ्या. मला विभागप्रमुख केलं. पाचशे कार्डं छापायला टाकली.
आक्का नंतर दिवसभर बोलल्या नाहीत. अबोल्यातही त्या माझ्याकडे बघतात, ते मला आवडत नाही.

२० सप्टेंबर
काम जोरात. दारावर पेंटरनं सुंदर अक्षरात लिहिलं: पुरुष विभाग. खाली बारीक अक्षरात माझं नाव.
रिपोर्टमध्ये आणखी एक रत्न सापडलं. सरासरी भेट बावीस मिनिटं. येतात, शेक घेतात, जातात. शिस्त! पाण्याचा फिल्टर वर्षभर तसाच भरलेला असतो, म्हणजे बचतही. मुरगूडच्या चिमणाबाई आज आल्या होत्या, वय बहात्तर, एसटीनं येतात. मी स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला. नको बाबा म्हणाल्या आणि घाईनं निघाल्या. उरलेल्या बावीस टक्क्यांतल्या असाव्यात.

११ ऑक्टोबर
अजून एकही पुरुष आलेला नाही. कारणं: पितृपक्ष. पावसाची उघडीप म्हणून शेतातली कामं. प्रसिद्धीचा अभाव. उद्घाटन झालं की रांग लागेल.

२२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी नऊला उद्घाटन. नारळ, आपट्याची पानं, चेअरमनसाहेब, आणि हॉलभर बायका. पुरुष म्हणून चेअरमन, पेंटर आणि मी. पेंटर बिलासाठी आला होता.
भाषणात मी म्हटलं की बदलत्या पुरुषाला आज हक्काची जागा मिळतेय. बायका एवढ्या हसल्या की मला वाटलं भाषण रंगलं. मग चेअरमनसाहेब म्हणाले, कोण तरी वापरून दाखवा की. दुसरं कुणी पुढे होईना. विभागप्रमुख या नात्याने मी आत गेलो.
टाइल्स गुळगुळीत. फुलांचं पाणी सांडलेलं. पुढचं लिहवत नाही.

२३ ऑक्टोबर
उजवा गुडघा भोपळ्याएवढा. घरचा संडास उकिडवं बसायचा. सौ.नं प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक कापून दिली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आजच्यासारखी खाली मान कधी घातली नव्हती.
संध्याकाळी तालमीत गेलो. वस्तादांनी गुडघा चाचपला आणि म्हणाले, हे माझ्या हातचं न्हाय, आक्कांकडं जा, माझी आईबी तिथंच जातीय. मी विचारलं, आणि वडील? म्हणाले, बायकांच्यात कसं जातील?

२५ ऑक्टोबर, सोमवार
आक्कांच्या टेबलावर मी. शेजारच्या टेबलावर चिमणाबाई, मध्ये पडदा. शेक छान देतात आक्का, हे अकरा वर्षांत माहीत नव्हतं.
साडेअकराला माझ्यावर प्रसंग आला. मुतारीचं काम नव्हतं, दुसरं होतं. केंद्रातला तो एकमेव संडास. दारापर्यंत लंगडत गेलो. आत पाहिलं. खाली बसलो तर अग्निशामक दल बोलवावं लागलं असतं. तसाच परत आलो, घाम पुसत.
आक्का दारात उभ्या. म्हणाल्या, सायेब, तीन वर्सं मी काय मागतो हुतो, कळलं का आता?
पडद्यापलीकडून चिमणाबाई म्हणाल्या, व्हय बाबा, मी तर हितं यायच्या दिवशी सकाळधरनं पाणी घेत न्हाय. परत मुरगूडला गेल्यावरच पितो.
मागतो. पितो.
मी आक्कांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना वाटलं ताप चढला. घरी सौ.ला विचारलं, तू उद्या काय करणार आहेस? म्हणाली, काय करतो? तुम्हाला उचलतो आणि बसवतो, दुसरं काय.
जन्मल्यापासून हेच ऐकतोय. आई असंच बोलायची. येतो, जातो, करतो. कोल्हापुरात कुठली बाई ‘करते’ म्हणते? आणि ‘दुखतो’ हे तर पेशंट नाही, गुडघा बोलतोय.

२६ ऑक्टोबर
मूळ रजिस्टरं काढली. पट्टी न ठेवता वाचली. बयाबाई. तानाबाई. मीनाबाई. पुन्हा बयाबाई. १२१२ नोंदी, १२१२ बाया. एक पुरुष नाही.
बावीस मिनिटांची शिस्त म्हणजे काय होतं तेही कळलं. थांबवत नव्हतं म्हणून पळत होत्या. पाणी नको म्हणत होत्या. मी ती बचत म्हणून लिहिली.
लाज वाटली. जेवण गेलं नाही. गोडसुद्धा नाही.

२८ ऑक्टोबर
चेअरमनसाहेबांकडे गेलो. रिक्षात दोन वाक्यं तयार केली होती. एक, व्हायरस आला. दुसरं, पुण्याची चूक. दारात गेल्यावर दोन्ही विसरलो आणि खरं सांगून टाकलं. पट्टी, ‘तो’, सगळं.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, माझी आईबी त्यात हाय का? होती. बायडाबाई, केस क्रमांक ३१७. रिपोर्टप्रमाणे पुरुष, वय अठ्ठ्याऐंशी, व्यवसाय सुईण. एवढे हसले की डोळे पुसायला टॉवेल मागवावा लागला. मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, आई केंद्रातनं घरी आली की आदी संडासाकडं पळती, मला वाटायचं वयामुळं.
जाताना म्हणाले, दोन मुताऱ्या काढ आन तिथं कमोड बसव. एक ऱ्हाऊ दे, तुला लागंल.

१० नोव्हेंबर, सायं. ५
कमोड बसला. भिंतीला धरायला दांडीही. पेंटरला दिवाळीनंतरच वेळ आहे, त्यामुळे दारावर अजून ‘पुरुष विभाग’ आणि खाली माझं नाव. दिवसभर बायका त्या पाटीखालून आत जात होत्या, हसत बाहेर येत होत्या. चिमणाबाई तासभर बसल्या. दोन ग्लास पाणी प्यायल्या. मी मोजलं.
विभागप्रमुखाची चारशे नव्वद कार्डं आक्कांनी नेली. मागची बाजू कोरी आहे, पुढची तारीख लिहून द्यायला बरी पडतात.
आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी मी स्वतः दुरुस्त केल्या. आक्कांच्या शेजारी बसून, एकेक नाव विचारत. आक्का बसल्या जागी सांगत गेल्या. आठ दिवस लागले. नवीन नोंदी आक्काच एका बोटानं टाइप करतात. आक्कांनी रजिस्टरात आता लिंगाचा रकाना आखलाय.
रिपोर्ट उघडला. पूर्ण गोल गुलाबी. फक्त वरच्या बाजूला केसाएवढी एक निळी रेघ. मला वाटलं काच खराब आहे. रुमालानं पुसली. जाईना. मग क्लिक केलं.
वय ४७. व्यवसाय: व्यवस्थापक. तक्रार: बसलो तर उठता येत न्हाय.
ही नोंद मी भरलेली नव्हती. रजिस्टर मागवून बघितलं. आक्कांचं अक्षर. नव्या रकान्यात लिहिलं होतं: पुरुष (बोलण्यावरून).