पहिला क्लिक मोकळा

बाबा, तुमचं हसणं मला आठवेनासं झालंय, म्हणून लिहायला बसलेय. कालपासून इथे आयर्लंडात, गॉलवेच्या लायब्ररीत मी मोरोक्कोत काढलेले फोटो लागलेत. सगळे रंगीत, तुम्हाला हवे तसे! कुणी काळ्या-पांढऱ्या फोटोचं कौतुक करायला लागलं की तुम्ही स्टुडिओत उखडायचात, "देवानं रंग दिलेत ते काय वाया घालवायला?" अहो, तिथल्या फेज शहरात रंगाऱ्यांच्या गल्लीत तुम्हीच आठवत होतात. हळदीपिवळी, डाळिंबी, निळी लोकर वर टांगलेली, खाली दगडांवरून गुलाबी पाणी वाहतंय, आणि माणसं अशी रुबाबदार की कुठे बघू न् कुठे नको.

तिथे एक म्हातारा रंगारी, हात कोपरापर्यंत पिवळे. काढू का, असं खुणेनं विचारलं. त्यानं मान डोलावली आणि लगेच असा ताठ बसला, जशा आपल्या स्टुडिओत लग्नाच्या फोटोसाठी आलेल्या मुली बसायच्या. मग मी तुमची युक्ती केली. तुम्ही आधी बिनरोलचा कॅमेरा उडवायचात, "झाला हं!" म्हणायचात, आणि माणूस सैल झाला की दुसऱ्या कॅमेऱ्यानं खरा फोटो काढायचात. माझ्याकडे कुठला आलाय रोल? मी लेन्सवर झाकण ठेवूनच बटण दाबलं. म्हाताऱ्यानं झाकणाकडे बोट दाखवलं, "मॅडम, क्लोज! क्लोज!" आणि पोट धरून हसत सुटला. मी झाकण काढलं तरी हसतोच आहे. काय फोटो आलाय, बाबा! काल लोक त्याच्यासमोरून हलत नव्हते.

अख्ख्या गावाला हसतं केलंत, पण तुमचा स्वतःचा फोटो एकच, लायसन्सचा, काठी गिळल्यासारखा. तुमच्यावर ती युक्ती चालणार कशी? पहिला क्लिक मोकळा असतो हे तुम्हाला ठाऊक! तुमची नात विचारते, आजोबा हसायचे कसे? मी सांगायला जाते आणि अडखळते.

काल ती त्या रंगाऱ्यासमोर कितीतरी वेळ उभी होती. तुम्हाला तिनं कधी पाहिलं नाही, मराठी समजतं पण बोलते इथल्यासारखं इंग्रजीच. "आई, हू इज युअर मॅन?" म्हणाली. इथे कुणाही माणसाला 'युअर मॅन'च म्हणतात. मी म्हटलं, मोरोक्कोतला रंगारी गं.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, तेव्हा सांगून टाकते. तोंडात आधी 'आजोबा' आलं होतं.