चार साचे

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. माझी ऐंशी उलटली, दात पडले, तुमची सून गेली, पण हा राग काही जागचा हलत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्हाला वाचता जेमतेम यायचं, सही करतानासुद्धा जीभ दातांत धरायचात, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. निदान आज तरी मला मध्येच 'गप रव' म्हणू नका.

डिलाईल रोडच्या आपल्या खोलीत मी धावत वर आलो तो दिवस आठवतो? आई बोंबील तळत होती, तुम्ही पहिल्या पाळीवरून येऊन केसांतला कापूस झाडत होतात. सरांनी माझा प्रबंधाचा विषय मान्य केला होता. उपयोजित गणित वगैरे तुम्हाला सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून सोपं करून सांगितलं. धागा किती वेळा तुटतो, तो सांधेपर्यंत कापड विणायचा साचा किती वेळ बंद राहतो, हे घड्याळ लावून मोजायचं आणि त्यावरून एक विणकर एका वेळी किती साचे सांभाळू शकेल ते गणिताने काढायचं. तुम्ही सगळे तेव्हा दोन-दोन साचे चालवायचात. परवानगीही मिळाली होती ती नेमकी तुमच्याच गिरणीची, तुमच्याच खात्याची. तुम्ही विचारलंत, "म्हणजे झिला, आमच्या साच्यांवर तुझी परीक्षा?" मला घाई होती, भूक लागली होती. मी म्हणालो, "हो, तसंच समजा." त्या 'तसंच समजा'ने घात केला.

दिवस कसले होते ते! संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव पेटलेलं. आज हरताळ, उद्या संचारबंदी, परवा गिरणी चालू तर निम्मी माणसं मोर्च्याला. तुम्ही तर पहिल्या रांगेत. एकदा अश्रुधुराने डोळे सुजवून आलात आणि वर आईलाच म्हणालात, कांदा चिरून आलो समज. महिनाभर मोजणी करायची ठरलं होतं, हातात पडले बारा दिवस. गिरगावातल्या सरांच्या घरी जाऊन मी मुदत मागितली, तर ते म्हणाले, "मिळाले तेवढ्यांवर भागवा. विद्यापीठ तुमच्या चळवळीसाठी थांबायचं नाही." मीही मान डोलावून आलो.

पहिल्या दिवशी तुम्ही साच्यावर इस्त्रीचा शर्ट घालून आलात! साचेखात्यात, त्या घामात आणि कापसात, इस्त्रीचा शर्ट! मला हसू आलं होतं. आता आठवलं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. मी कॉलेजचं घड्याळ आणि वही घेऊन उभा. त्या खडखडाटात शब्द ऐकू यायचा नाही, सगळे ओठांवरून नाहीतर हातवाऱ्यांनी बोलायचे. तुम्ही बारा दिवस पाळीभर पाण्यालाही हलला नाहीत, चहाचा कप तसाच गार व्हायचा. आडवा धागा नेणारा धोटा मात्र असा पळत होता की त्याला अडथळा म्हणून काही ठाऊकच नाही. माझ्या वहीत 'बंद' लिहिण्याची वेळच फारशी येईना.

उत्तर निघालं, एक माणूस चार साचे आरामात सांभाळेल. सर खूश झाले. "इतके स्वच्छ आकडे क्वचित मिळतात," म्हणाले. परवानगी दिली होती म्हणून एक प्रत त्यांनी रीतीप्रमाणे गिरणीच्या ऑफिसात पाठवली. मला पदवी मिळाली, तुम्ही साऱ्या मजल्याला पेढे वाटलेत. आणि मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता आई कौतुकाने बोलून गेली, "अरे, सगळ्या खात्याने मिळून पास केलंय तुला." खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, चांगल्यातलं चांगलं सूत शोधून तुमच्या साच्यांना दिलं होतं. पलीकडच्या साच्यावरचे काका स्वतःचे साचे दुसऱ्याच्या गळ्यात मारून तुमच्या साच्यांमागे उभे राहायचे आणि धागा तुटला की लगेच गाठ मारायचे. पोराच्या परीक्षेत साचा थांबला तर पोराचे मार्क जातील, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतंत.

संध्याकाळी मी तुमच्यावर ओरडलो. "परीक्षा माझी नव्हती, बाबा, साच्यांची होती!" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मलाच काही कळत नव्हतं. "घरच्या पोराक कोण नापास करता?" एवढंच म्हणालात आणि पाय धुवायला गेलात.

मग गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. यापुढे दोन नाही, प्रत्येकाने चार साचे चालवायचे. म्हणजे खात्यातली निम्मी माणसं घरी. युनियनवाले मॅनेजरकडे भांडायला गेले, तर त्याने माझा प्रबंध पुढे केला. तुमच्याच चाळीतल्या पोराने लिहिलाय, म्हणाला. त्या दिवसापासून जिन्यात माझ्याशी कोणी बोललं नाही. मी तुमच्या पाया पडलो, बाबा. म्हटलं, चला, आपण दोघं जाऊन सांगू की ते बारा दिवस खोटे होते, मी लिहून देतो. तुम्ही विचारलंत, "आणि डिग्री काढून घेतली तर?" मी म्हटलं, घेऊ देत. तुम्ही म्हणालात, "तुका काय कळता?"

आणि सगळं खातं संप करून फाटकाबाहेर बसलं असताना तुम्ही एकटे आत गेलात. मोर्च्यात पहिल्या रांगेत लाठी खाणारा माणूस! चार साचे घेतलेत. होतं की नाही ते दाखवतो म्हणालात. कशासाठी? एका पोराने कागदावर लिहिलेलं खरं ठरावं म्हणून? पंधरा वर्षं शेजारी उभे राहिलेले काका, ज्यांनी तुमच्या शब्दाखातर गाठी मारल्या, ते तुम्हाला पाहून थुंकले. मोर्च्याला बोलवायला येणारी संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं आपलं दार सोडून पुढच्या दारावर थाप मारू लागली. तुम्ही मात्र पाळी संपल्यावर दम खात खात जिना चढायचात आणि मला ऐकू जाईल असं आईला सांगायचात, "जमता, चार जमतात." जमत नव्हते हो! तुमची बोटं सुजलेली मला दिसत होती. महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागपासून करी रोडपर्यंत दिवे लागले, चाळीत साखर वाटली. तुम्ही गॅलरीत छाती धरून बसला होतात. वाटणाऱ्याने तुमच्यासमोरून ताट तसंच पुढे नेलं. त्यानंतर तुम्ही दोन पावसाळे काढलेत.

त्याच पदवीवर मला नोकरी लागली. तीस वर्षं वर्गात उभा राहून पोरांना सांगत आलो की मोजणाऱ्याच्या नुसत्या हजेरीने आकडे बिघडतात, सावध राहा. पोरं हे लिहून घ्यायची. गिरण्या गेल्या, तिथे काचेच्या इमारती आल्या, आणि मी अजून तुमच्याशी भांडतोय की तुमच्या मायेने माझं वाटोळं केलं, तुमचं केलं, काकांचं केलं. तुमच्या सुनेला, नातवाला, सगळ्यांना हेच सांगितलं की मला आईकडून कळलं, तोवर प्रबंध जमा झाला होता.

हे पत्र कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकतो. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, मी साच्याला वळसा घालून मागे आलो होतो. काका वाकून तुटलेला धागा सांधत होते. त्यांनी वर पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हसले. मी वहीत काहीच लिहिलं नाही. उरलेले नऊ दिवस साच्यामागे पुन्हा गेलोच नाही. मी ते पाहिलं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, ते विचारायची हिंमत तुम्ही होतात तोवर मला झाली नाही.