नजर ओळीवरची

प्रिय आई,

ओळींमध्ये एवढी जागा सोडून, एवढ्या मोठ्या अक्षरांत सूनबाई का लिहितेय, असं वाटेल तुम्हाला. अहो, हे पत्र तुमच्या फोटोसमोर मी नाही, सई वाचणार आहे! तिसरीतली तुमची नात. तिचाच हट्ट.

तुम्ही असताना तिला एक ओळ धड वाचता यायची नाही. मधलीच ओळ गाळायची, 'कमळ'चं 'मकळ' करायची, मग पुस्तक फेकून पोट दुखतंय म्हणायची. मी कावायचे. तुम्ही एकदा म्हणालात, "पोरीची नजर घसरते गं, ओळीवर ठरत नाय." मी 'नजर' एवढंच ऐकलं आणि फिस्कारले, "आई, मीठमोहऱ्या उतरवायचं काढू नका हं आता!" केवढ्या हसला होतात! "मिठाचं नाय गं बाय, बोटाचं काम हाय."

आणि ओळीखाली तिचं बोट धरून बसलात. मी ते बोट ओढून काढलं. एवढी मोठी घोडी, बोट कसलं ठेवते?

शेताच्या बांधावरूनही तुम्ही तिला चालवायचात. ती दर चार पावलांवर चिखलात! युनिफॉर्म कोण धुणार? मीच ना! पण तुमचंही चुकलंच थोडं. गालात हसण्यापेक्षा मला खडसावायचं होतंत की!

तुम्ही गेल्यावर शाळेतल्या बाईंनी आम्हाला कर्जतला तपासणीला पाठवलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, चष्म्याचा नंबर नाही, पण वाचताना डोळे नको तिथे उड्या मारतात, अंगाचा तोलही कच्चा आहे. उपाय काय? डोकं न हलवता सरकत्या अंगठ्याकडे बघायचं, जमिनीवरच्या पट्टीवरून चालायचं, रोज थोडं वाचायचं. आणि ओळीखाली बोट ठेवायचं! मला आधी हसू फुटलं, मग तिथेच रडले.

आता बांधावरून मीच तिच्यापुढे चालते. काल मीच घसरले, बयेने टाळ्या वाजवल्या! वाचताना अजून अडखळते, पण पुस्तक फेकत नाही.

आई, शब्द देते, तिचं बोट मी पुन्हा काढणार नाही. सुटेल तेव्हा आपोआप सुटेल.

सई, पुढची ओळ गाळायची नाही हं. बोट ठेव आणि मोठ्याने वाच: आजीचं बरोबर होतं, आईचं चुकलं.

तुमची सून,
मनीषा