हळदीची मनगटं

आबा, काल खिडकीच्या चौकटीला काचेसाठी खाच पाडत होते आणि तुमचा आवाज आला. आवाज कसला, ओरडच. "हात कुटं चाललाय!" इतक्या वर्षांनीही मी दचकले, आणि मग एकटीच हसत सुटले.

लोणावळ्याच्या बाजारामागची आपली पत्र्याची शेड. तेलाचं इंजिन धापा टाकतंय, पट्टा फटफटतोय, लाकडी मेजाच्या चिरेतून गोल करवत फिरतेय आणि तुमच्या मिशांवर सागाचा भुसा. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, दिवाळीला माहेरी आले होते. एका बंगल्याच्या खिडक्या द्यायच्या होत्या आणि तुमचा जोडीदार भातकापणीला गावी गेलेला. माझा लहानपणापासून त्या करवतीवर डोळा. अशी संधी पुन्हा कधी मिळणार? पदर खोचून उभी राहिले. तुम्ही माझ्या हातांकडं पाहिलंत आणि इंजिनच बंद केलंत. "बांगड्या काढ, न्हाईतर घरात जा. एक बांगडी दात्यांत अडकली तर मनगट संगं जाईल."

आई दारातच होती. तिचा पारा चढला. "सवाशिणीचं मनगट रिकामं? जावयाच्या जिवावर उठलाय व्हय?"

"आन पोरीचा हात गेला म्हंजी?" तुम्हीही आवाज चढवलात. दोघांचंही खरं होतं आणि मधल्यामधे माझी हौस अडकली होती. आई पाय आपटत आत गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण ती परत आली ती वाटीत हळद कालवून. माझ्या बांगड्या उतरवून देवापुढं ठेवल्या आणि दोन्ही मनगटांना गोल हळद फासली. "ही न्हाई अडकायची," एवढंच म्हणाली. तुम्ही तिच्याकडं असं काही पाहिलंत की मला मान वळवावी लागली.

मग शिकवणं सुरू. पातं मेजाच्या वर खाचेच्या खोलीइतकंच ठेवायचं. कडेची पट्टी घट्ट आवळायची. करवतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, लाकूड उलटं फेकलं जातं. "आरपार कापताना पातं दिसतं, पोरी. खाच पाडताना ते लाकडाखाली दडतं आन माणूस इसरतो. लाकूड सरलं की वर येतं. तितं बोट नसावं." म्हणून शेवटचा भाग काठीनं ढकलायचा. ती काठी तुम्ही माझ्या हाताच्या मापाची करून दिलीत. सासरहून आलेल्या लुगड्यापेक्षा मला तीच जास्त आवडली, हे तेव्हा आईसमोर बोलले नाही. खाचेतली ढलपी बोटानं काढायला गेले तर त्याच काठीनं मेजावर दणका दिलात. "आदी इंजिन बंद!"

खिडक्या होत आल्या आणि मला न्यायला सुदुंबऱ्याहून तुमचे जावई आले. केसांत भुसा, मनगटं पिवळीधमक, अशी बायको त्यांनी पाहिली. "मामी, परत हळद? हिचं दुसरं लगीन ठरलं का काय?"

आई लाजून चूर. तुम्ही मात्र मान वर न करता म्हणालात, "व्हय, करवतीसंगं. धरा ते टोक."

त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि टोक धरलं. ते पुढं सुटलंच नाही त्यांच्या हातून. तुमच्यामागं शेड आम्ही दोघांनीच चालवली, भांडत आणि हसत.

आता तेही नाहीत. उतरवायला हातात बांगड्या नाहीत. हा कागद कुठं जायचा नाही म्हणून सांगते, खाच पाडायची असली की अजून मी आधी चुलीपाशी जाते आणि मनगटांना हळद लावते. शेजारीण बघते, विचारते. मी सांगते, लाकूड लागलं.

आबा, एकदाही लागलेलं नाही.