कान्हाचा हायड्रोजन आणि भिवाशेठचे वडील

बाळकुम, ११ फेब्रुवारी १९९६

खडवलीकर गोमाजीदादांस बाळकुमच्या राघोचा रामराम. तुमच्या गुडघ्याची सूज आणि वहिनींचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरली असतील अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण आवडा ठणठणीत आहे आणि मी तिच्या धाकात आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

तुम्ही मध्ये पडून तुमच्या शेजारच्या भिवाशेठची तुळसा आमच्या कान्हासाठी सुचवलीत. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली. (कान्हा त्या दिवसापासून रोज दाढी करतो.) उरलं होतं फक्त घर बघणं. त्यासाठी परवा भिवाशेठ आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आले आणि चहा अर्धा टाकून उठले. त्यांनी तुमच्या कानावर काय घातलं असेल ते असो, खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका.

दोष सगळा त्या चर्चासत्राचा. कान्हाला कंपनीने तीन दिवस जगाच्या इंधनाविषयी ऐकायला पाठवलं. माणसं अशा ठिकाणाहून पेन आणतात, पिशवी आणतात, आमच्या दिवट्याने सन २१०० पर्यंतचा तक्ता आणला आणि देव्हाऱ्याशेजारी लावला. त्यावर तीन रेघा. आत्ता चाललंय तसंच कोळसा-तेल जाळत राहिलो तर हवेत किती कार्बन साठेल, ती वरची रेघ (ती तक्त्याबाहेर जाऊन जवळजवळ आमच्या गणपतीला टेकते). जगाला थोडी अक्कल आली तर मधली. आणि उन्हा-वाऱ्यावर वीज करून, तिने पाण्यातून हायड्रोजन काढून तो जाळला तर खालची. हायड्रोजन जळला की धूर नाही, नुसतं पाणी! आवडाने विचारलं, "अरे, पण यातल्या कुठल्या रेघेवर तुझं लग्न आहे?" तर म्हणतो, आई, ते आपल्यावर आहे. तेव्हापासून घरात रॉकेलचा स्टो पेटवायची चोरी झाली. हळदीला जनरेटर लावायचा नाही असंही त्याने जाहीर केलं. आता सांगा दादा, आपल्यात हळद म्हटली की आख्खं गाव रात्रभर नाचणार, ते काय काजव्यांच्या उजेडात?

तरी मी चालवून घेत होतो. पण परवा पाहुण्यांना घराऐवजी याने भविष्यकाळ दाखवायला घेतला. काचेच्या बरणीत पाणी, त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, स्कूटरची बॅटरी, दोन पेन्सिलींची शिसं आणि त्यांवर उपड्या धरलेल्या दोन नळ्या. एकीत हायड्रोजन जमणार, दुसरीत प्राणवायू. म्हाताऱ्याला दम लागतो हे त्याला कळलं होतं, म्हणून मोठ्या प्रेमाने दुसरी नळी उचलून त्याने त्यांच्या नाकाखाली धरली. "हुंगा आजोबा, शुद्ध प्राणवायू आहे!"

आजोबांनी जोरात हुंगलं. मग जे काही झालं ते लिहवत नाही. नगरपालिका विहिरीत जी पांढरी पावडर टाकते ना, तिचा वास घरभर सुटला. म्हातारा खोकत, शिंकत, डोळे पुसत थेट अंगणात. भिवाशेठ एवढंच म्हणाले, "ज्याला प्राणवायू ओळखता येत नाही, तो माझ्या पोरीला काय ओळखणार?" आणि गेले. (म्हातारा संध्याकाळी बरा होता, मी माणूस पाठवून चौकशी केली.)

कान्हा तेव्हापासून तीनतीनदा वही काढून हिशेब तपासतो आणि "चुकलं कुठे?" एवढंच पुटपुटतो. काल तक्ता उतरवून माळ्यावर टाकला. मी म्हणत होतोच, ही थेरं बंद कर. आता बंद झाली तर घर खायला उठतंय. तेव्हा दादा, भिवाशेठना समजवा, पोरगा अजून अल्लड आहे, शिकेल हळूहळू. मुलांना आशीर्वाद.

आपला,
राघो

ता. क. वहिनींना सांगा, सुकट पाठवतो आहे.

ता. क. दुसरा. पोरगा अल्लड नाही. पाहुण्यांना घ्यायला तो फाटकापर्यंत गेला तेव्हा मला बरणीतले बुडबुडे फारच मरतुकडे वाटले. आपण मिठागरातली माणसं. पाहुण्यापुढे जे काही मांडायचं त्यात आपल्या खाजणातलं मीठ आधी पडलं पाहिजे, ही माझ्या बापाची रीत. टाकलं मूठभर! बुडबुडे असे उसळले की माझी छाती फुगली. काल शाळेतल्या मास्तरांना सहज म्हणून विचारलं, तर म्हणाले, मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की प्राणवायूच्या जागी क्लोरीन निघतो. भिवाशेठना हे सांगा. लग्न मोडलं तर माझ्या मुठीने मोडलं, पोराच्या विद्येने नाही.

ता. क. तिसरा. कान्हाला तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र पेटीत टाकायला त्याच्याकडेच देतो आहे आणि पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही.

ता. क. चौथा, अक्षर माझं. मामा, वाचलं. आजोबांना सांगा, पहिल्या नळीतला हायड्रोजन अस्सल होता. रविवारी बाबांना घेऊन येतो आणि प्रयोग पुन्हा करून दाखवतो. नळी आधी मी हुंगेन, मग बाबा. तुळसाला म्हणावं, जनरेटरचं आपण दोघं मिळून ठरवू. – कान्हा